पावसाळ्यात पुण्याच्या टेकड्यांवर आणि सिंहगडाच्या घेऱ्यात ट्रेल रेस (डोंगरातल्या पायवाटांवरच्या पळण्याच्या शर्यती) घ्याव्यात का?

माळरान:
मी स्वतः सहा वर्षं ट्रेलवर पळतेय, त्यामुळे पळणाऱ्यांवर माझा राग नाहीये हे आधीच सांगते. पण मागच्या पावसाळ्यात एक रेस झाली (नाव घेत नाही) आणि पुढच्या रविवारी मी त्याच वाटेने चालत गेले तर बघवेना. एका माणसापुरती पायवाट होती तिथे चार जण शेजारी शेजारी चालतील एवढा चिखलाचा पट्टा झालेला, वाट दाखवायला कारवीला बांधलेल्या रिबिनी तशाच, दगडांवर ऑइलपेंटचे बाण आणि जागोजागी पळताना खायच्या एनर्जी जेलच्या पाकिटांची फाडलेली टोकं. पाकीट लोक खिशात घालतात हो, ते टोक पडलेलं कोणाला कळतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जून ते सप्टेंबर मातीच्या वाटांवर रेस नको. आपल्याकडची वरची माती आधीच पातळ, पाणी प्यायलेली असते, तिला धरून ठेवतं ते कडेचं गवत. ते एकदा तुडवलं की पुढच्या पावसात त्याच पट्ट्यातून पाणी वाहतं, चर पडते, मुळं उघडी होतात आणि मग लोक ती चर टाळून आणखी बाजूने जातात. हे आपोआप भरून येत नाही.

घाटवेडा:
ताई, मी तीन-चार रेसना व्हॉलंटियर म्हणून असतो त्यामुळे मला हे लागलं. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाला काय गर्दी असते तुम्हाला माहितीये, गाड्यांच्या रांगा लागतात. कात्रज ते सिंहगड रात्री तेरा टेकड्या करणारे ग्रुप वेगळेच, टॉर्च, स्पीकर, सगळं घेऊन. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कोणाकडे लिहिलेलं नसतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीवर बिब नंबर असतो, कचरा टाकला तर डिस्क्वालिफाय करता येतं. ज्यांना जाब विचारता येतो त्यांनाच बंदी घालायची हे मला नाही पटत.

माळरान:
दादा, जाब विचारता येतो हे मान्य, पण किती जणांना डिस्क्वालिफाय केलेलं बघितलंय तुम्ही? मी एकही नाही बघितला. आणि रविवारची गर्दी दिवसभर विखुरलेली असते, थांबत, एकामागे एक चालते. रेसमध्ये तीन-चारशे जण दोन तासांत त्याच वाटेवरून जातात आणि ओव्हरटेक करायला प्रत्येक जण कडेच्या गवतावर पाय टाकतो, मीपण टाकलाय. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या 100 मैलांच्या रेसला दरवर्षी सरासरी 369 च जण सुरुवातीला उभे राहू शकतात कारण वाटेचा काही भाग संरक्षित रानातून जातो. आपल्याकडे आकडा कशावर ठरतो, वाटेला किती झेपेल यावर की एंट्री किती आल्या यावर?

घेऱ्यातला:
मी इथलाच, आमचं दही-ताक आणि भजी-पिठल्याचं दुकान आहे वाटेवर. ताई, चार महिने बंद करा म्हणणं सोपं आहे पण आमचा धंदा पावसाळ्यातच असतो. आणि दादा तुम्हालापण सांगतो, रेसचा आम्हाला काय फायदा झाला ते विचारा, नाष्टा शहरातून पॅकबंद येतो, पाणी शहरातून येतं, टी-शर्ट शहरातून येतात. मागं एका रेसला पहाटे साडेचारला गाड्या आल्या त्या थेट आमच्या भाताच्या बांधावर लावल्या, लावणी होऊन आठ दिवस झाले होते, बांध फुटला आणि खाचरातलं पाणी निघून गेलं. कोणी विचारायलापण आलं नाही. वनखात्याच्या नाक्यावर गाडीचं उपद्रव शुल्क भरलं की लोकांना वाटतं झालं काम.

रातवा:
पक्षी बघणाऱ्याच्या बाजूने एक. रेस उन्हाळ्यात ढकलली तरी प्रश्न सुटत नाही, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते ती त्याच दिवसांत आणि वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते वणव्याला. माझ्या मते डिसेंबर-जानेवारी, तोपर्यंत गवताचं बी पडून गेलेलं असतं आणि माती आवळलेली असते. पण उजाडल्यावर सुरू करा. रातवा हा रात्रीचा पक्षी अंधारात पायवाटेवरच बसतो, शेकडो हेडलॅम्प आले की त्याने जायचं कुठे.

पौडफाटा:
बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचा घाट घातलाय आणि आपण रिबिनींवर भांडतोय! एका जेसीबीने जेवढं जाईल तेवढं पन्नास रेसमध्ये जाणार नाही.

माळरान:
खरंय, पण त्या रस्त्याच्या विरोधात उभे राहिलेले बरेचसे लोक रोज टेकडीवर चालणारे-पळणारेच आहेत. आपणच वाट खराब करत असू तर तिथे कुठल्या तोंडाने बोलायचं? मला दोन्हीवर बोलायचंय.

घाटवेडा:
भाताचं ऐकून वाईट वाटलं, ते आमच्याच कुठल्या रेसचं असेल तर माफी मागतो. तीन गोष्टी मी आयोजकांच्या मीटिंगमध्ये नक्की मांडतो. रिबिनी मोजून द्यायच्या आणि सगळ्यांच्या मागून येणाऱ्या स्वीपरकडून मोजून परत घ्यायच्या, पेंट अजिबात नाही. कप प्रत्येकाने आपापला आणायचा, फ्रान्समधल्या शामोनीच्या यूटीएमबी या ट्रेल रेसमध्ये लोक स्वतःचा कप घेऊन पळतात मग आपल्याला काय अडचण आहे. आणि नाष्टा गावातूनच घ्यायचा, पैसे आधी देऊन. पण जुलैची तारीख सोडा असं मी नाही सांगणार, डिसेंबरमध्ये रोड मॅरेथॉन असतात, लोक येणार नाहीत आणि रेसच बंद पडेल.

माळरान:
मग जुलैत खडकाळ वाट घ्या किंवा कच्च्या गाडीरस्त्यावरून न्या, सिंहगडावर चढणारी आतकरवाडीची मातीची वाट सोडा. एवढं झालं तर मी स्वतः स्वीपर म्हणून येते, सगळ्यात शेवटी, पोतं घेऊन. तारखेबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

घेऱ्यातला:
मीटिंगच्या आधी एकदा इकडे या दादा, रविवारी नको, मधल्या वारी या. गाड्या कुठे लावता येतील ते दाखवतो, आणि तो बांधपण दाखवतो.