मदत हवी आहे : आजीकडे राहणाऱ्या दोन नातवंडांसाठी बालसंगोपन योजना

आमच्या गल्लीत, सोलापुरात, एक आजी आहेत. वय सत्तरीकडे झुकलेलं, घरी बसून विड्या वळतात. जावई दोन वर्षांपूर्वी वारले, या दिवाळीनंतर लेकही गेली. आता अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू त्यांच्याकडेच आहेत. धाकटा रात्री ताईचा हात धरल्याशिवाय झोपत नाही. नातेवाईक म्हणतात, "बालगृहात टाका, तुमच्याच्यानं होणार नाही." आजींना ते मान्य नाही, आणि मलाही नाही. मायेचं माणूस असताना पोरांना संस्थेत का पाठवायचं?

सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, त्यासाठी बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, एवढं कळलंय. अडचण कागदांची आहे. मुलांची नावं बीड जिल्ह्यातल्या गावच्या, वडिलांकडच्या रेशनकार्डावर आहेत आणि चुलते ते द्यायला तयार नाहीत. एका कार्यालयात तर "आधी रहिवासी दाखला आणा" म्हणून दोनदा परत पाठवलं.

मुलं इथल्या शाळेत जातात, तर बोनाफाईड आणि आजींचं आधार यावर अर्ज घेतात का? समितीसमोर मुलांनाही न्यावं लागतं का? नात त्या विचारानंच घाबरलीय. आणि वडिलांच्या शेतीला मुलांची वारस नोंद राहिली असेल तर ती आजी लावू शकतात का?

कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. सोमवारी मी आजींना घेऊन जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जाणार आहे.