डबल ड्रायव्हरनं लांबची खेप: कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पिंपळगाव बसवंतहून गुवाहाटीला कांदा न्यायचं काम मिळतंय, अडीच हजार किलोमीटरच्या वर. मालक म्हणतो, क्लीनर नको, डबल ड्रायव्हर न्या, गाडी थांबता कामा नये. माल नाशवंत, त्यामुळे त्याचंही चूक नाही. रात्री डुलकी यायला लागली की स्टेअरिंग दुसऱ्याकडे देता येतं, डिझेलचोरांवर नजर राहते.

पण खरी अडचण झोपेची. चालत्या गाडीत मागच्या बाकड्यावर माझा डोळा लागतच नाही. मागच्या एका खेपेत जोडीदार असे ब्रेक मारायचा की मी दोनदा खाली आलो! 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण आमची गाडी जुनी. विदर्भातलं ऊन काय सांगावं.

कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला 8 तास काम लिहिलंय. मग बाकड्यावर पडून काढलेले तास आराम धरायचे की ड्युटी? भत्ता प्रत्येकाला वेगळा घेता की वाटून? चार-चार तासांची पाळी बरी, की रात्र एकाची आणि दिवस दुसऱ्याचा? जोडीदार अनोळखी आहे, निघण्याआधी त्याच्याशी काय काय बोलून घेऊ?