ब्रेक्झिटचा हिशेब: ब्रिटन बुडालं नाही, मग नुकसान कुणाचं झालं?

मिडलंडकर

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून युरोपची सामायिक बाजारपेठही सुटली. आमच्याकडच्या मराठी मंडळात आजही हमखास ऐकू येतं, "एवढी ओरड झाली, पण कुठे बुडालं ब्रिटन?" हा धागा त्या प्रश्नासाठी काढतोय.

बुडालं नाही हे खरंच आहे, आणि त्यामुळेच काहीच झालं नाही म्हणणाऱ्यांचं फावतं. झालेलं नुकसान संथ आहे आणि ज्यांच्या वाट्याला आलं त्यांचा आवाज कुठे पोचत नाही.

मी लेस्टरमध्ये छोट्या खाद्यउद्योगांचे हिशेब बघतो. त्यात एक मिठाईवाले आहेत. पेढे, बर्फी, श्रीखंड असा माल ते नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या भारतीय दुकानांना पाठवायचे. २०२० पर्यंत गुरुवारी गाडी भरली की शुक्रवारी संध्याकाळी माल रॉटरडॅमच्या दुकानात. सोबत एक बिल, बस्स. २०२१ पासून दुधाचा पदार्थ म्हणून दर खेपेला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागायला लागलं. इकडे निर्यातीचं कस्टम्स डिक्लरेशन, तिकडे आयातीचं वेगळं, शिवाय सीमेवरच्या तपासणी नाक्याला आगाऊ कळवायचं. पशुवैद्याची फी चाळीस खोकी असोत की चारशे, जवळपास तेवढीच. छोट्या धंद्याचा माल चार-पाच जणांच्या सामायिक ट्रकमधून जातो. त्यातल्या एकाचा कागद चुकला की सगळ्यांचा ट्रक अडकतो, आणि श्रीखंड थांबत नाही. दोन खेपा अशा गेल्यावर त्यांनी युरोपचा धंदा बंद केला. पॅकिंगवरच्या तीन बायकांचे तास कमी झाले.

शुल्क शून्य आहे, युरोपशी व्यापार करार झालाय, मग अडचण काय, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की अडचण शुल्काची नाही, कागदाची आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेला अंदाज सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं असा आहे. युरोपला निर्यात करणाऱ्यांपैकी हे १४ टक्के. बातम्यांत मोठ्या कंपन्या येतात, पण त्यांच्याकडे कस्टम्सचं वेगळं खातं असतं.

बाहेर पडावं असं ज्यांना आजही वाटतं, त्यांनी या मिठाईवाल्यांना काय उत्तर द्यायचं ते सांगावं.

---

हॅरोवाला

मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं आणि आजही त्या मतावर ठाम आहे, म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी घेतो.

आधी भाकितांचं बघा. मे २०१६ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं की नुसता कौल विरोधात गेला तरी लगेच मंदी येईल आणि दोन वर्षांत पाच लाख नोकऱ्या जातील. कौल गेला, मंदी आली नाही. २०१९ मध्ये बेरोजगारी ३.८ टक्क्यांवर आली, १९७० च्या दशकानंतरची सर्वांत कमी. लोकांना घाबरवण्यासाठी आकडे वापरले गेले. आता त्याच वर्तुळातून नवे आकडे आले की आम्ही मान डोलवायची, हे होणार नाही.

दुसरं, बाहेर पडल्यामुळे जे शक्य झालं त्याचा उल्लेखही तुम्ही केला नाही. भारत आणि युरोपीय संघ यांच्या व्यापार वाटाघाटी २००७ ला सुरू झाल्या, २०१३ ला थांबल्या, २०२२ ला पुन्हा सुरू झाल्या. ब्रिटनने भारताशी जानेवारी २०२२ मध्ये बोलणी सुरू केली आणि २४ जुलै २०२५ ला सही झाली. २०२५ मध्ये अमेरिकेने सगळ्या जगावर शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनच्या बहुतेक मालाला १० टक्के आणि युरोपच्या मालाला १५ टक्के लागलं. स्वतःचं धोरण स्वतःच्या हातात असल्याचा हा सरळ फायदा.

तिसरी गोष्ट मनापासून सांगतो. मी पुण्याहून आलो तेव्हा व्हिसासाठी पगाराच्या पावत्या, बँकेचे कागद, इंग्रजीची परीक्षा सगळं दिलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा युरोपातून नुसता पासपोर्ट दाखवून आला होता. त्याच्याबद्दल राग नव्हता, पण नियम सगळ्यांना एक असावा असं वाटायचं. २०२१ पासून तो एक झाला. तुमचे मिठाईवाले खरे आहेत, त्यांचं नुकसानही खरं आहे. पण एका धंद्याच्या अडचणीवरून देशाचा निर्णय चूक ठरत नाही.

---

आकडेमोड

हॅरोवाला, २०१६ चं ते अल्पकालीन भाकीत फसलं, याबद्दल वाद नाही. पण ते होतं कौलाच्या धक्क्याबद्दल. व्यापारात अडथळे आल्यावर दीर्घकाळात काय होईल हा वेगळा प्रश्न आहे. एक चुकलं म्हणून दुसरं आपोआप चूक ठरत नाही.

ब्रिटनच्या सरकारी अंदाजपत्रक कार्यालयाने आधीपासून धरलेलं गृहीतक असं: संघात राहिलो असतो तर जी उत्पादकता असती, त्यापेक्षा दीर्घकाळात ती ४ टक्के कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी होईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यातल्या अंदाजाने २०२५ पर्यंत जीडीपीला ६ ते ८ टक्के फटका बसलाय आणि गुंतवणूक १२ ते १८ टक्के कमी झालीय. हा फटका एका रात्रीत बसलेला नाही. २०१६ पासून दर वर्षी थोडा थोडा साठत गेला, म्हणून कुणाला तो दिवस आठवत नाही.

आता भारताबरोबरच्या करारातून ब्रिटिश सरकारचा स्वतःचा अंदाज काय? दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंड. ब्रिटनचा जीडीपी तीन हजार अब्जांच्या जवळपास, म्हणजे हा ०.२ टक्क्यांहूनही कमी. उलट चार टक्के म्हटले तर वर्षाला शंभर अब्ज पौंडांच्या वर जातात. भारताचा करार चांगलाच आहे, मराठी माणूस म्हणून मला त्याचा आनंद आहे, पण या दोन रकमा एका तराजूत घालून बरोबरी होत नाही.

---

हॅरोवाला

हे ६ ते ८ टक्के मोजले कसे, तेही वाचकांना सांगा. संघात राहिलेलं ब्रिटन अस्तित्वात नाही. म्हणून इतर देशांच्या वाढीवरून एक काल्पनिक ब्रिटन तयार करायचं आणि खऱ्या ब्रिटनची त्याच्याशी तुलना करायची. तुलनेत अमेरिकेचं वजन वाढलं की नुकसान वाढतं. अमेरिकेकडे स्वतःचा स्वस्त गॅस आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या आहेत. त्याचा युरोपीय संघाच्या सदस्यत्वाशी काय संबंध?

शेजाऱ्यांशी तुलना करा. जर्मनी संघात आहे, सामायिक बाजारपेठेच्या मधोमध आहे, आणि २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तिची अर्थव्यवस्था आकसली. ब्रिटनची सेवा-निर्यात अमेरिकेनंतर जगात दुसरी आहे आणि ब्रेक्झिटनंतरही वाढत राहिली. मधल्या काळात कोविड आला, युक्रेनचं युद्ध झालं, विजेची बिलं दुप्पट झाली. या सगळ्यातून ब्रेक्झिटचा वाटा दशांशापर्यंत वेगळा काढल्याचा दावा कुणी केला तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

---

आकडेमोड

म्हणूनच त्या निबंधात दोन रस्ते आहेत. एक देशांच्या तुलनेचा, ज्यावर तुमचा आक्षेप आहे. दुसरा कंपन्यांच्या पाहणीचा: ब्रिटनमधल्याच हजारो कंपन्यांना २०१६ पासून सतत विचारत गेले, आणि युरोपशी जास्त संबंध असलेल्या कंपन्या कमी संबंध असलेल्यांच्या तुलनेत कशा चालल्या ते बघितलं. कोविड आणि विजेची बिलं दोघांनाही होती. फरक तरीही निघतो, आणि निबंधाचा निष्कर्ष या दोन्ही रस्त्यांवर मिळून उभा आहे. जर्मनीची दुखणी रशियन गॅस आणि चीनशी असलेली स्पर्धा ही आहेत. शेजारी आजारी आहे म्हणून आपला ताप उतरत नाही.

---

स्विंडनचो गोंयकार

तुमच्या चर्चेत आमचा विषयच आला नाही, म्हणून लिहितो.

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोव्याची माणसं किती आहेत हे रविवारी चर्चबाहेर उभं राहिलं की कळतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट, म्हणून गोव्याच्या सासष्टी तालुक्यातली पोरं थेट इथे गोदामांत आणि कारखान्यांत कामाला आली. मीही त्यातलाच. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे इथे राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून कायम राहता आलं. नंतरच्यांना तो दरवाजा बंद. माझा धाकटा भाऊ कोविडमध्ये मडगावात अडकला आणि त्या तारखेच्या पलीकडे राहिला. हातात तोच पोर्तुगीज पासपोर्ट, आज तो आयर्लंडमध्ये आहे.

याच स्विंडनने ५४ टक्क्यांच्या वर मतं बाहेर पडण्यासाठी दिली. होंडाचा कारखाना २०२१ च्या जुलैमध्ये बंद झाला, साडेतीन हजार माणसं थेट कामावर होती. आमच्यात अनेक जण म्हणतात ब्रेक्झिटने घालवला. कंपनीने तसं कधी म्हटलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपान आणि युरोपीय संघाचा करार लागू झाला, जपानी गाड्यांवरचं १० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने जाणार होतं, मग युरोपात कारखाना ठेवायचं एक मोठं कारण संपलं. हे मी हॅरोवाल्यांच्या बाजूने सांगतोय.

पण समान नियमाचा तुमचा मुद्दा मला पटत नाही. २०१६ मध्ये बाहेर पडण्याचा प्रचार करणाऱ्या तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल आणि त्यांचे सहकारी भारतीय-बांगलादेशी हॉटेलवाल्यांना सांगत होते, युरोपचे लोक थांबले की तुमचे आचारी आणता येतील. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणाऱ्या किमान वार्षिक पगाराची मर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. कुठला आचारी तेवढा पगार घेतो? आमचा दरवाजा बंद झाला आणि तुमचाही फार उघडला नाही.

---

द्राक्षपट्टा

निफाडहून लिहितोय, द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. इकडची बाजू थोडक्यात.

पूर्वी न्हावाशेव्यातून सुटलेला रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर रॉटरडॅमला उतरायचा आणि इंग्लंडमध्ये भाव चांगला असेल तर तिकडचा आयातदार तो विनासायास तिकडे वळवायचा. आता रॉटरडॅमहून इंग्लंड म्हणजे परदेश. पुन्हा कस्टम्स, आणि द्राक्ष मुळात भारताचं असल्याने ब्रिटन-युरोप करारातल्या शून्य शुल्काचा लाभही नाही. म्हणून माल निघतानाच ठरवावं लागतं, कुठला बाजार. कीडनाशकाच्या अंशाच्या मर्यादाही ब्रिटन आता स्वतः ठरवतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपने आमची द्राक्षं अडवली होती. तेव्हा एकच यादी सांभाळायची होती, आता दोन बघाव्या लागतात.

तरी प्रामाणिकपणे सांगतो, २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. तो फटका आम्हाला ब्रेक्झिटपेक्षा मोठा बसला. आणि भारताच्या जवळपास ९९ टक्के वस्तुप्रकारांवर ब्रिटनमध्ये शुल्क नसावं असा जो करार झालाय, त्याकडे इथला शेतकरी आशेने बघतोय. तुमचं नुकसान झालं असेल, आमच्यासाठी ती संधीही आहे.

---

मिडलंडकर

द्राक्षपट्टा, तुमची संधी मला मान्य आहे. पण जे तुम्हाला दोन याद्या सांभाळताना होतं, तेच इथल्या प्रत्येक छोट्या निर्यातदाराला होतंय.

हॅरोवाला, एक गोष्ट तुमच्याकडून स्पष्ट हवी आहे. स्वतःचे कायदे स्वतः करावेत ही इच्छा चुकीची आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आक्षेप वेगळा आहे: लोकांना किंमत सांगितली गेली नाही. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ, असं बाहेर पडण्याच्या प्रचाराच्या बसवर रंगवलं. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केली नव्हती, आणि ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकड्यांचा गैरवापर ठरवला. दुसरीकडे आता सरकारच परत फिरतंय. १९ मे २०२५ ला युरोपीय संघाशी समझोता झाला. त्यानुसार अन्नपदार्थांसाठी युरोपचे नियम पाळायचे आणि पशुवैद्याच्या प्रमाणपत्रांची कटकट घालवायची. नियम त्यांचे, पाळायचे आपण, आणि ते ठरताना मत नाही. संघात होतो तेव्हा निदान मत होतं.

---

हॅरोवाला

बसवरचा आकडा चुकीचा होता. मी त्यावर मत दिलं नव्हतं, पण ज्यांनी दिलं त्यांची फसवणूक झाली हे मान्य.

मे २०२५ च्या समझोत्याबद्दल मात्र आपण दोघं एकाच जागी येऊन उलट दिशांना तोंड करतोय. मताशिवाय नियम पाळणं सगळ्यात वाईट, म्हणून तुम्ही म्हणता परत चला. मी म्हणतो, म्हणून हा समझोता करायलाच नको होता. तुमच्या मिठाईवाल्यांसाठी सरकारने पशुवैद्याची फी स्वतः भरावी, छोट्या निर्यातदारांसाठी कस्टम्सची सोय फुकट द्यावी. तो खर्च मोठा नाही आणि कायदे आपल्याच संसदेत राहतात. २०२१ मध्येच हे करायला हवं होतं. सलग चार पंतप्रधानांनी केलं नाही, तो राग मला तुमच्याइतकाच आहे.

किंमत विचारलीत तर तीही सांगतो. आपले कायदे करणाऱ्याला मतपेटीतून घरी पाठवता यावं, यासाठी जीडीपीचे दोन टक्के गेले तरी मी पुन्हा तेच मत देईन. चार टक्के असतील तर माझ्या मुलीसमोर, जिचं घराचं डिपॉझिट अजून जमत नाहीये, ते मत समजावून सांगताना मला जड जाईल. आठ टक्के खरे ठरले तर मी देणार नाही. आकडेमोड, त्या कंपन्यांच्या पाहणीत छोट्या कंपन्या किती होत्या आणि उत्तरं देणारे त्यातले कोण होते, ते इथे टाका. मी वाचून उत्तर देतो.