जर्नलमध्ये "काहीच वाटलं नाही" असं लिहिलं तर चालतं का?

शाईचा_डाग:

नमस्कार मंडळी. मी दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय कला नाही, कलास्वाद हा जास्तीचा पेपर म्हणून घेतलाय (सोपा जातो असं सीनियर म्हणाले होते, त्यांना आता शोधतेय). त्यात एक जर्नल द्यायचंय. आधी कधी न पाहिलेल्या न ऐकलेल्या तीन गोष्टी अनुभवायच्या आणि आपल्याला काय वाटलं ते लिहायचं, नेटवरून उचललेली माहिती अजिबात नको.

तर पहिलं, बालीचं गॅमेलान, म्हणजे इंडोनेशियातला वाद्यवृंद. लाइव्ह. वीसपंचवीस जण जमिनीवर बसून काशाच्या पट्ट्या हातोड्यांनी वाजवतायत. मी आठ वर्षं गाणं शिकलेय, कान बरा आहे असा माझा समज आहे, आणि पहिल्याच मिनिटाला वाटलं की हे लोक बसायच्या आधी सूर जुळवायला विसरले की काय. सगळं नुसतं थरथरत होतं. मी आपली सा शोधतेय, तो काही सापडेना, शेवटी डोकं दुखायला लागलं.

दुसरं, बुतो. जपानी नृत्य आहे. अंगभर पांढरा रंग फासलेला एक माणूस आडवा पडलेला, तो उठून उभा राहिला, एवढंच पहिल्या पंधरा मिनिटांत झालं. मला हसू आलं आणि ते दाबता येईना. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं तेव्हा खोकल्याचं नाटक केलं. अजून आठवलं तरी ओशाळायला होतं.

तिसरं एक चित्र, लेबलवर ॲड राइनहार्ट असं नाव होतं. पाच फूट बाय पाच फूट, काळं. बस, एवढंच. पुढे दोरी लावलेली, गार्ड सारखा "मागे व्हा" म्हणतोय, आणि मागे होऊन बघायचं काय तर काळं. फोटो काढला तोही नुसता काळा आला, मैत्रिणीला पाठवला तर ती म्हणाली कॅमेऱ्यावर बोट आलंय.

आता वर्गातल्या बाकीच्यांची जर्नलं बघितली तर "अंतर्मुख झालो", "शून्याशी संवाद घडला", "शब्दांपलीकडचं काहीतरी". ज्याचा शून्याशी संवाद घडला तो माझ्या शेजारी उभा राहून रील बघत होता हो! मग मी बधिर आहे, की हे सगळे फेकतायत? आणि काहीच वाटलं नाही हे तीन पानं लिहायचं कसं?

---

सरळसोट:

बधिर वगैरे काही नाहीस. अर्धी आधुनिक कला ही बघणाऱ्याला न्यूनगंड यावा म्हणूनच केलेली असते असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ साली एकाने केळं टेपने भिंतीला चिकटवलं, २०२४ च्या लिलावात त्याला ६२ लाख डॉलर मिळाले. केळं सडलं की बदलायचं, विकत मिळतो तो नुसता प्रमाणपत्राचा कागद. लिही बिनधास्त की काही वाटलं नाही.

---

खर्जातला_माणूस:

केळ्याचं राहू द्या, त्या मुलीने केळं बघितलेलंच नाही.

गॅमेलानबद्दल सांगतो कारण माझंही पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं. तुझा कान बरोबरच आहे, तो जे ऐकत होता ते खरंच तिथे होतं. बालीत ही वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित वर लावतात, एक किंचित खाली. दोन्ही एकदम वाजली की दोन स्वर एकमेकांवर घासतात आणि आवाज कमीजास्त होत लाटेसारखा हलायला लागतो. तिथले लोक त्याला ओम्बाक म्हणतात, म्हणजे लाटच. ती थरथर नसेल तर त्यांच्या लेखी वाद्य मेलेलं. म्हणजे तू ज्याला सूर जुळवायला विसरले म्हणतेस ते कारागिराने तासून तासून आणलेलं असतं. तंबोऱ्याला जवारी लावतात तेव्हा आपण काय करतो, स्वच्छ आवाज मुद्दाम जरा बिघडवूनच घेतो ना? तसंच काहीसं समज, तंत्र अर्थात वेगळं.

आणि सा सापडणार नाही कारण प्रत्येक संचाची जुळणी स्वतःपुरती असते, एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात ठेवलं तर बसत नाही. एक गोष्ट मात्र तुला पकडता आली असती, ती म्हणजे मोठी गाँग. तिथे आवर्तन पुरं होतं, समेसारखं, फक्त तिचा जोर शेवट केल्यासारखा असतो. मी पुढच्या वेळी बाकी सगळं सोडून नुसती गाँगची वाट बघत बसलो, तर हळूहळू वरची ती सगळी धावपळ जागेवर बसायला लागली.

१८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जावाचं गॅमेलान आलं होतं, ते देब्युसी या फ्रेंच संगीतकाराने ऐकलं आणि त्याच्या डोक्यातून ते शेवटपर्यंत गेलं नाही. तोही शिकलेल्या कानाचाच माणूस. तेव्हा शिकल्यामुळे कान बंदच होतो असं काही नाही, पण पहिला झटका शिकलेल्यालाच जास्त बसतो हे खरं.

---

शाईचा_डाग:

जवारीचं पटलं!! पण दादा, हे आधी माहीत असतं तर मी तसंच ऐकलं असतं ना, मग ते माझं वाटणं कुठे राहिलं? सर म्हणतात माहिती नको.

---

खर्जातला_माणूस:

म्हणून तर आधी डोकं दुखलं ते लिही आणि मग कळलं ते लिही, याच क्रमाने. हा क्रम दुसऱ्या कोणाकडे नाही.

---

तिसरी_रांग:

चित्राबद्दल. तू तिथे किती वेळ उभी होतीस? खरं सांग. २००१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला एक अभ्यास छापून आला होता, लोक एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि त्यात लेबल वाचायचा वेळसुद्धा धरलेला. राइनहार्टची ती काळी चित्रं २७ सेकंदांत दिसतच नाहीत. दिसत नाहीत म्हणजे शब्दशः. एकूण नऊ चौकोन असतात, तीन बाय तीन, आणि काळ्यात अगदी नावाला लाल निळा हिरवा मिसळलेला असतो. अंधाऱ्या खोलीत गेल्यावर जसं काही वेळाने फर्निचर दिसायला लागतं तसं थोड्या वेळाने मधला क्रॉस वर येतो. फोटोत येत नाही कारण फरकच तेवढा बारीक, त्यामुळे तुझ्या मैत्रिणीचं काही चुकलं नाही. त्याने रंगातलं तेल बरंचसं काढून टाकलेलं असायचं, त्यामुळे पृष्ठभाग मखमलीसारखा कोरडा होतो आणि बोट लागलं की डाग कायमचा, म्हणून तो गार्ड. १९६० पासून १९६७ मध्ये जाईपर्यंत तो जवळजवळ हेच रंगवत होता, तोच आकार, तेच पाच फूट. वेडेपणा म्हणा हवं तर, पण सात वर्षं कोणी कोणाला फसवायला एवढं राबत नाही.

हार्वर्डच्या जेनिफर रॉबर्ट्स या प्राध्यापिका विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तीन तास बसवतात. तीन तास! त्यांनी स्वतः १७६५ च्या एका चित्रावर हे करून बघितलं, मुलगा आणि त्याची खार असं ते कोप्लीचं चित्र आहे. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांचा आकार सारखा आहे हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटं लागली. आयुष्यभर चित्रंच बघणाऱ्या बाईंना नऊ मिनिटं, आणि तिथे तर सगळं लख्ख दिसतंय, काळं काही नाही.

प्रदर्शन सुरू असेल तर परत जा. बस जाऊन. कंटाळा येईल, येऊ दे.

---

सरळसोट:

तीन तास बघितलं तर मला भिंतीवरच्या ओलीतही हत्तीघोडे दिसतील.

---

तिसरी_रांग:

दिसतीलच. पण ते सगळ्यांना वेगवेगळे दिसतील. हा क्रॉस रंगवलेला आहे, तिथे आहे.

---

जुनी_वही:

अगं मुली, मला एक सांग, "काहीच वाटलं नाही" हे तुझ्या पोस्टमध्ये नक्की कुठे आहे? डोकं दुखलं, हसू आलं, ओशाळलीस, चिडलीस, वर त्या रीलवाल्यावर जळलीस. जर्नलला शोभेल असं काही वाटलं नाही एवढंच झालंय.

मी बुतो थोडंफार बघितलंय, तुझं हसू मला अजिबात विचित्र वाटलं नाही. समोर एक जिवंत माणूस इतका हळू, इतका उघडा, की आपल्यालाच कुठे बघावं कळत नाही, मग हसू येतं. एखाद्या गंभीर प्रसंगी नेमकं हसू फुटतं तशातलं ते. ते कशाचं हसू होतं यावरच एक पान होईल तुझं.

आणि काझुओ ओनोंची गोष्ट सांगते, बुतोतलं फार मोठं नाव. जन्म १९०६ चा. १९२९ मध्ये त्यांनी तोकियोत एका स्पॅनिश नर्तकीचा कार्यक्रम बघितला, ला आर्हेंतिना म्हणायचे तिला. मनावर ठसा उमटला, पण त्यावर त्यांनी लगेच काही केलं नाही. मध्ये अख्खं युद्ध होऊन गेलं. मग १९७६ मध्ये एका प्रदर्शनात एका अमूर्त चित्रासमोर उभे असताना (बघ, तुझ्या काळ्या चौकोनाचे भाऊबंदच) त्यांना त्या चित्रात अचानक तीच बाई नाचताना दिसली. पुढच्या वर्षी, सत्तरी उलटल्यावर, ते तिच्यासारखा पोशाख घालून रंगमंचावर आले आणि त्या नाचामुळे जगभर माहीत झाले. पुढे चालता येईना तेव्हा खुर्चीत बसून नुसत्या हातांनी नाचायचे. १०३ वर्षं जगले.

त्यांना १९२९ मध्ये शुक्रवारपर्यंत जर्नल द्यायला सांगितलं असतं तर बिचाऱ्यांनी "छान नाचल्या" एवढंच लिहिलं असतं बहुतेक.

---

शाईचा_डाग:

अपडेट. (आमचं खरंच शुक्रवारी आहे सबमिशन, जुनी_वही ताईंना कसं कळलं 😅)

परत गेले. समोर बाक होता त्यावर बसले, मोबाइल बॅगेत. पहिली चारपाच मिनिटं काहीच नाही, स्वतःचाच राग येत होता, पाय हलवत होते, मग दोरीला किती गाठी आहेत ते मोजलं. मग कधीतरी डावीकडचा वरचा कोपरा बाकीच्यापेक्षा जरा तांबूस वाटला, वाटलं भास असेल, डोळे चोळले. आणि मग एकदम उभा पट्टा आला. तो "आला" असंच म्हणावं लागेल, आधी नव्हता आणि मग होता. मी आनंदाने शेजारचं पांढरं लेबल बघितलं आणि परत वळून बघते तर गेला! सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रीलवाल्या मित्राला दुसऱ्या दिवशी ओढत नेलं. तो दहा मिनिटं बसला हे विशेष, त्यालाही दिसला, पण म्हणतो तू सांगितलंस म्हणून दिसतोय. यावर माझ्याकडे उत्तर नाहीये आणि त्याने जाम अस्वस्थ व्हायला झालंय.

गॅमेलानचं रेकॉर्डिंग परत लावलं, गाँग पकडता येते आता, लाटही कळते, पण दहा मिनिटांनंतर डोकं दुखतंच. ते तसंच लिहिलंय. बुतो परत बघायची हिंमत झाली नाही. त्या पानाची सुरुवात "पंधराव्या मिनिटाला मी खोकल्याचं नाटक केलं" अशी केलीये, पुढे काय लिहावं ते अजून सुचत नाहीये, दोन पानं झालीत, तिसरं अर्धं आहे.

---

सरळसोट:

आडवा पट्टा कुठल्या रंगाचा दिसला?

---

शाईचा_डाग:

हिरवट काळा. मित्र म्हणतो तपकिरी.

---

सरळसोट:

प्रदर्शन कधीपर्यंत आहे?