मदत हवी आहे : बोलचालीच्या चिनी भाषेतील प्रश्न

नमस्कार. पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही लवकरच शांघायला राहायला जाणार आहोत. तेथील भाजीबाजारात, शेजारीपाजारी आणि मुलीच्या शाळेत स्वतः बोलता यावे, म्हणून मी मँडरिन शिकत आहे. प्रश्नार्थक शब्द उत्तर जिथे येणार त्याच जागी बसतो (कोण आहेस, हे 'नी श शेइ', म्हणजे 'तू आहेस कोण' असे विचारतात) आणि हो-नाहीच्या प्रश्नाला शेवटी आपल्या 'का'सारखा 'मा' लावतात, त्यामुळे रचना मराठी माणसाला फारशी परकी वाटत नाही.

अडचण आहे ती या 'मा'पाशीच. दुकानात आले (अद्रक) आहे का, हे 'यौ च्यांग मा' असे विचारता येते, तसेच 'आहे-नाही-आहे' अशा धर्तीवर 'यौ मेइ यौ च्यांग' असेही विचारता येते; शिवाय आपला अंदाज खरा आहे ना, याची खात्री करून घ्यायची असेल तर शेवटी 'पा' येतो. व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्या दोन्हींचा अर्थ एकच दिलेला असतो, पण प्रत्यक्ष बोलताना, विशेषतः अनोळखी किंवा वयाने मोठ्या व्यक्तीशी, दुसरी रचना उतावीळपणाची वाटते का?

दुसरा प्रश्न सुरांचा आहे. मराठीत 'तू येणार?' असे नुसता आवाज चढवून विचारता येते, पण चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो: 'नार' खालच्या, दबलेल्या तिसऱ्या सुरात म्हटले तर 'कुठे' आणि झटक्याने उतरणाऱ्या चौथ्या सुरात म्हटले तर 'तिथे'. मग 'मा' न लावता, केवळ आश्चर्याने काही विचारायचे झाल्यास शेवटच्या शब्दाचा सूर न बिघडवता ते कसे साधतात? मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती पुस्तकातून शिकता येत नाही.

'नार' हे उत्तरेकडचे, बीजिंगच्या वळणाचे रूप असल्याने शांघायमध्ये 'नाली' म्हणणेच योग्य ठरेल, असे मी धरून चालले आहे. वय विचारताना लहान मुलांना 'ची स्वेइ' आणि मोठ्यांना 'त्वो ता' म्हणतात, हे ठाऊक आहे. मात्र शेजारच्या आजींशी बोलताना आदरार्थी 'निन' तिथे रोजच्या बोलण्यात वापरतात का, हे तिथे राहिलेल्या कोणी सांगितल्यास फार मदत होईल. उत्तरातील चिनी शब्दांपुढे सुराचा क्रमांकही द्यावा, म्हणजे मला मोठ्याने म्हणून सराव करता येईल.