उत्तर भारतातील राजेशाही रेल्वेसफर : निवृत्त गार्ड वडिलांना भेट द्यावी का?

हतनूरकाठ (भुसावळ) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील भुसावळ विभागात गार्ड होते. 2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, परंतु आमच्या घरात तो शब्द अजून कोणाच्या तोंडी बसलेला नाही. त्यांच्या नोकरीतील बहुतेक वर्षे मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्ड बसतो त्या शेवटच्या डब्यात गेली. खंडवा, बडनेरा, मनमाड आणि नंदुरबार या चार दिशांना ते असंख्य वेळा गेले, पण त्या गावांतील रनिंग रूम, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांची विश्रांतीची जागा सोडून त्यांनी फारसे काही पाहिले नाही. ड्यूटीचे साहित्य बरोबर नेण्याची त्यांची लोखंडी पेटी, म्हणजे लाइन बॉक्स, निवृत्तीनंतरही ओसरीवर आहे आणि त्यात आई आता गहू ठेवते.

येत्या फेब्रुवारीत दोघांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होतात. बहीण आणि मी मिळून त्यांना दिल्ली, आग्रा, जयपूर या भागातून जाणाऱ्या एखाद्या राजेशाही पर्यटक गाडीने पाठवावे असा विचार आहे. खर्च माणशी लाखांत जातो हे पाहिले आहे. तेवढी तजवीज आम्ही केली आहे, परंतु पैसे घालून त्यांना अवघडल्यासारखे झाले तर उपयोग काय, ही शंका मनातून जात नाही. आईचे गुडघे दुखतात, ती पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडे ज्या भांड्यात शिजले त्या भांड्यातले ती खात नाही. वडिलांना तर दुसऱ्याने आपली बॅग उचललेली चालत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की दिवस प्रत्यक्षात कसा जातो, कोणती गाडी निवडावी आणि भुसावळहून जाण्यायेण्याची सोय कशी लावावी.

पांझरा (धुळे)

आम्ही दोघे आणि सासूबाई असे तिघे तीन वर्षांपूर्वी अशाच एका गाडीने सात रात्रींचा प्रवास करून आलो. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही लिहिणार आहे.

सर्वांत आधी एक समज दूर करते. ही गाडी म्हणजे खिडकीत बसून देश पाहण्याचे साधन नाही, तर रात्री गाव बदलणारे हॉटेल आहे. ती प्रामुख्याने रात्री धावते आणि सकाळी एखाद्या स्थानकात उभी राहते. न्याहारी झाली की बाहेर बस आणि गाइड तयार असतात, दिवसभर किल्ला, राजवाडा किंवा अभयारण्य पाहून संध्याकाळी आपण परत आपल्याच खोलीत येतो आणि जेवण होईपर्यंत गाडी पुढच्या गावाकडे निघालेली असते. पेटी एकदाच उघडायची आणि सात दिवसांनी एकदाच बंद करायची, हेच त्या पैशाचे खरे मोल आहे असे मला वाटते. सासूबाईंचे वय तेव्हा एकाहत्तर होते. दर दिवशी नवे हॉटेल, नवा जिना आणि नवी रांग असती, तर त्या तिसऱ्या दिवशीच घरी चला म्हणाल्या असत्या.

आता गुडघ्यांविषयी. गाडीच्या आत काही अडचण येत नाही, परंतु काही ठिकाणी फलाट खाली असतो आणि डब्यातून उतरताना शेवटची पायरी उंच पडते. कर्मचारी लाकडी पायरी लावून हात देतात, तो हात संकोच न करता घ्यावा असे आईंना आधीच सांगून ठेवा. ताजमहालापाशी मोटारी दूरच थांबवतात आणि तेथून बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, पण मुख्य चबुतऱ्यावर जायला पायऱ्या चढाव्याच लागतात. आमेरचा किल्ला आणि चित्तोड येथे चालणे पुष्कळ आहे. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी गाडीतच थांबण्याची मुभा असते. सासूबाई एक संपूर्ण दुपार गाडीत झोपल्या आणि तोच त्यांचा सर्वांत आवडता दिवस ठरला.

जेवणाची काळजी करू नका, फक्त नियम बुकिंग करतानाच लेखी कळवा. “शाकाहारी” एवढा शब्द पुरत नाही. अंडे नको आणि भांडी वेगळी हवीत, असे स्पष्ट लिहा आणि त्यांच्याकडून उत्तर मागवून घ्या. आम्ही ते केले नव्हते, म्हणून पहिल्या दिवशी सासूबाई केवळ फळे खाऊन राहिल्या. पुढे स्वयंपाकघरातील माणूस स्वतः येऊन विचारून गेला आणि रोज रात्री त्यांच्यासाठी साधी मुगाची खिचडी होऊ लागली.

तक्रार झोपेची आहे. रात्री वेग वाढला की खोली हलते, आणि आम्हाला मिळालेली खोली डब्याच्या टोकाला, अगदी चाकांवर होती. पहिल्या दोन रात्री मी छताकडे पाहत काढल्या. डब्याच्या मधली खोली मागून घ्या. अर्थात ज्यांनी ब्रेकव्हॅनमध्ये आयुष्य काढले, त्यांना हे हलणे म्हणजे पाळणाच वाटेल.

संकोचाबद्दल म्हणाल, तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. सासूबाई सातही दिवस सुती पातळात होत्या आणि कोणीही वर मान करून पाहिले नाही.

रूळ_आणि_खडी (भुसावळ)

पांझराताईंनी अनुभव लिहिला आहे, मी गाड्यांविषयी लिहितो.

उत्तरेकडे प्रामुख्याने दोन गाड्यांचा विचार होतो. पॅलेस ऑन व्हील्स 26 जानेवारी 1982 रोजी सुरू झाली. आरंभी ती मीटरगेजच्या अरुंद रुळांवर, संस्थानिकांच्या जुन्या खासगी सलून डब्यांसह धावत असे आणि राजस्थानातील मार्ग रुंद होत गेले तशी तीही ब्रॉडगेजवर आली. ती सात रात्रींत जयपूर, सवाई माधोपूर, चित्तोडगड, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर, भरतपूर आणि आग्रा एवढे फिरवते. दुसरी महाराजा एक्सप्रेस 2010 मध्ये सुरू झाली आणि ती आयआरसीटीसी चालवते. तेवीस डब्यांच्या त्या गाडीत जास्तीत जास्त 88 प्रवासी असतात. नेहमीच्या गाडीत तेवढी माणसे दीड डब्यात मावतात, यावरून दर एवढा का आहे हे लक्षात येईल. तिच्या सर्वांत साध्या, म्हणजे डिलक्स खोलीचे क्षेत्र सुमारे 112 चौरस फूट आहे आणि स्नानगृह प्रत्येक खोलीला स्वतंत्र आहे.

आपल्या वडिलांचे आणि आईंचे वय पाहता सात रात्री मला जास्त वाटतात. महाराजा एक्सप्रेसची “ट्रेझर्स ऑफ इंडिया” नावाची तीन रात्रींची फेरी दिल्ली, आग्रा, रणथंबोर, जयपूर आणि पुन्हा दिल्ली अशी आहे. खजुराहो आणि वाराणसी दाखवणारी लांब फेरीही आहे, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याने लहान फेरीनेच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तारीख ठरवताना ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे लक्षात असू द्या. फेरीची आखणी करणारे ते सांभाळतातच, पण दिल्लीला आधी पोहोचून स्वतःहून कुठे जायचे ठरवाल तर चुकायला नको. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके इतके असते की गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि सकाळी ताज दिसतही नाही. आपला फेब्रुवारी, त्यातही दुसरा पंधरवडा, उत्तम आहे.

जाण्यासाठी जळगावहून हजरत निजामुद्दीनची राजधानी सोयीची आहे. मात्र पर्यटक गाडी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून निघते, नवी दिल्ली किंवा निजामुद्दीनवरून नव्हे. त्याच दिवशी पोहोचून त्याच दिवशी ती गाडी पकडण्याचा विचार मुळीच करू नये. आदल्या दिवशी पोहोचावे आणि रात्री दिल्लीत मुक्काम करावा. वडिलांचा निवृत्तीनंतरचा पास पर्यटक गाडीला चालणार नाही, पण भुसावळ ते दिल्ली जाण्यायेण्यासाठी तो आहेच.

परतीसाठी माझी एक सूचना आहे. पंजाब मेलने यावे. 1912 पासून धावणारी ही गाडी पहाटे दिल्लीतून निघून दिवसभर चालते आणि रात्री भुसावळला पोहोचते. धोलपूरजवळ चंबळेचा पूल आणि तिच्या घळी, पुढे डोंगरावरचा ग्वाल्हेरचा किल्ला, भोपाळच्या अलीकडे सांचीचा स्तूप, मग बुधनीचा घाट आणि नर्मदा, हे सारे उजेडी खिडकीतून दिसते. ज्या माणसाने मागच्या डब्यातून फक्त पाठीमागे जाणारे रूळ पाहिले, त्याला एक संपूर्ण दिवस पुढच्या बाजूची खिडकी मिळाली पाहिजे.

केळीचा_घड (रावेर)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कटू वाटल्यास क्षमा असावी. एवढ्या रकमेत आपण सहा जणांचे कुटुंब घेऊन उत्तरेत दहा दिवस आरामात फिरू शकाल. दिल्लीहून आग्र्याला ताशी 160 किलोमीटर वेगाची गतिमान एक्सप्रेस आहे. रेल्वेचाच आनंद द्यायचा असेल तर कालका-सिमला मार्ग आहे : 1903 साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची, 96 किलोमीटर लांबीची आणि शंभराहून अधिक बोगद्यांची ती गाडी 2008 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. ती दिवसा धावते, हळू धावते आणि नातवंडे बरोबर असतात. आईवडिलांना दोघांनाच परक्या माणसांत पाठवण्यापेक्षा आपण सोबत असणे त्यांना अधिक आवडेल, असे मला मनापासून वाटते.

पांझरा (धुळे)

केळीचा_घड यांच्या हिशेबात चूक नाही. परंतु नातवंडे बरोबर असली की आजी प्रवासातही आजीच राहते. कोणाला थंडी वाजते, कोण जेवले नाही, हेच पाहत बसते. पंचेचाळीस वर्षांत त्या दोघांनी एकट्याने किती दिवस काढले असतील, याचा विचार करून पाहा. गार्डच्या घरात तर निम्म्या रात्री एकच माणूस असतो.

असीरगड (बऱ्हाणपूर)

मी पलीकडच्या खानदेशातला, म्हणजे आता मध्य प्रदेशात गेलेल्या बऱ्हाणपूरचा. एकच गोष्ट सुचवतो. ताजमहाल पाहण्याआधी एक रविवार आमच्याकडे काढा. मुमताजमहलचा मृत्यू आग्र्यात नव्हे, तर 1631 मध्ये येथे बऱ्हाणपूरला, चौदाव्या अपत्याच्या जन्माच्या वेळी झाला. तिला आधी तापीच्या पैलतीरी, जैनाबादेतील आहूखान्याच्या, म्हणजे शाही मृगवनाच्या बागेत दफन केले होते आणि सुमारे सहा महिन्यांनी तो देह आग्र्याला नेण्यात आला. तापीकाठच्या शाही किल्ल्यात हमामखाना, म्हणजे स्नानगृह आहे. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी उडालेली असली तरी अजून ओळखू येते. आहूखान्याची अवस्था मात्र पाहवत नाही. भुसावळहून गाडीने फार तर तासाभराचे अंतर आहे. वडिलांनी या स्थानकातून शेकडो मालगाड्या नेल्या असतील, पण बहुधा गावात पाऊल टाकले नसेल.

हतनूरकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. केळीचा_घड यांचे म्हणणे बहिणीला पटले होते, म्हणून आम्ही काही न सांगता दोघांसमोर फक्त गाडीची छायाचित्रे ठेवली. आईने खोलीचा पलंग पाहून “एवढा मऊ असेल तर पाठ दुखेल” असे म्हटले आणि नंतर तेच छायाचित्र तिने तीनदा परत मागितले. वडिलांनी बराच वेळ पाहून एवढेच विचारले की, या गाडीत गार्ड कुठे बसतो. त्यांना नुसते पाहुणे म्हणून जायचे आहे असे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, परंतु संध्याकाळी आईने लाइन बॉक्समधले गहू डब्यात काढलेले दिसले. तो बॉक्स घेऊन जाता येणार नाही, हे त्यांना कसे सांगावे याचा विचार चालू आहे.

तीन रात्रींची फेरी, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि परतीला पंजाब मेल असे ठरले आहे. बऱ्हाणपूरला येत्या रविवारीच जात आहोत, नातवंडांसह. सिमला पुढच्या मे महिन्यात, सर्वांनी मिळून. एक शेवटची शंका : दोघांना एक मोठा पलंग सोयीचा पडेल की दोन स्वतंत्र? वडील रात्री दोन-तीनदा उठतात.

पांझरा (धुळे)

दोन स्वतंत्र घ्या आणि दाराजवळचा पलंग वडिलांना द्या. तशी खोली बुकिंगच्या वेळीच लेखी मागावी लागते, कारण गाडी सुटल्यावर बदलून मिळणे कठीण असते. आणि स्नानगृहाच्या उंबरठ्याला एक लहानशी पायरी असते, ती आईंना पहिल्याच संध्याकाळी दाखवून ठेवायला वडिलांना सांगा.