थायरॉइडचा तिरळेपणा: ऑपरेशनची घाई नको

थायरॉइडच्या आजारात डोळा तिरळा होऊन एकाची दोन दिसायला लागली की ताबडतोब ऑपरेशन करून मोकळं व्हावं, असं काही जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. आजार धगधगत असताना डोळ्याचे स्नायू सुजलेले असतात आणि तिरळेपणा बदलत राहतो; आज सरळ केलेला डोळा पुन्हा फिरू शकतो. म्हणून मोजमाप साधारण 6 महिने स्थिर राहिलं की मगच हात घालतात. डोळे फार बाहेर आले असतील आणि डोळ्यामागे जागा करायला हाडाच्या खोबणीचं ऑपरेशन लागणार असेल तर ते आधी, मग स्नायूंचं, पापण्यांचं शेवटी.

माझ्या आईचा डोळ्याखालचा स्नायू ताठर होऊन डोळा खाली ओढला गेला होता. या आजारात बहुतेकदा हाच स्नायू धरतो. थांबण्याच्या काळात ती चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी लावून पोळ्या लाटायची, बघवत नसे. ऑपरेशनमध्ये तो स्नायू मागे सरकवून सैल केला. टाके अ‍ॅडजस्टेबल होते: दुसऱ्या दिवशी बधिर करणारे थेंब घालून, तिला समोर बघायला लावून, डॉक्टरांनी गाठ किंचित ढिली केली आणि दोन अक्षरांचं एक झालं! ती तिथेच रडली. खालची पापणी जराशी उतरली, पण तो धोका आधीच सांगितला होता. समोर बघताना आणि वाचताना आता एकच दिसतं. माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिलं की अजून दोन दिसतात, तेवढं आम्ही काढून देतो.